माझ्या पत्त्यावरची आक्का

कागदावर माझी बहीण सहा महिने माझ्या घरी राहत होती. जालन्यातला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, दुसरा मजला. प्रत्यक्षात त्या सहा महिन्यांत ती माझ्याकडं दोनदा आली आणि दोन्ही वेळा चहा घेऊन, ऊन उतरायच्या आत परतूरच्या गाडीत बसली. पत्ता मी दिला होता. कुणी मागितला नव्हता. मीच पुढं होऊन दिला, आणि देताना मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. मी कचेरीत कारकून आहे. कोणत्या रकान्यात काय भरलं की कोणती कटकट टळते, हे वीस वर्षांच्या नोकरीनं मला शिकवलंय. दुसरं फारसं काही शिकवलेलं नाही.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. परतूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात तिला दिली. खातंपितं घर. काळी जमीन, बारमाही विहीर, भावकीत मान. दाजी ग्रामपंचायतीचे सदस्य. एकुलती एक मुलगी, माझी भाची, बारावी करून घरीच होती आणि तिची सोयरीक वडीगोद्रीकडच्या एका चांगल्या घरात जमली होती. लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आमच्याकडं भाव पडला की कापूस बाजारात जाण्याऐवजी घरात येतो. बैठक भरते, मधली खोली आढ्यापर्यंत भरते आणि माणसं स्वयंपाकघराला लागून असलेल्या एका खोलीत सरकतात. ओल लागू नये, उंदीर शिरू नयेत, म्हणून खिडक्या बंद. भाव येईपर्यंत घर कापसाचं, माणसं पाहुणी. अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. म्हणून आक्का खोकायला लागली तेव्हा कुणाला डोकं चालवायची गरजच पडली नाही. कापसाचा खोकला. कापूस गेला की जाईल. त्या एका बंद खोलीत आक्का, दाजी आणि भाची तिघं झोपत होती.

गावात उपकेंद्राची इमारत आहे. तिला दर दोन वर्षांनी रंग लागतो आणि रोज कुलूप लागतं. नर्सबाईंची जागा रिकामी, शेजारच्या गावच्या बाईंकडं जादा काम, त्या लस टोचायच्या दिवशी येऊन जातात. बाजारच्या दिवशी एक डॉक्टर यायचा. तो आक्काला इंजेक्शन द्यायचा, अशक्तपणा म्हणून सलाईन लावायचा. तीन महिने त्यानं हेच केलं. तिच्या छातीचा फोटो काढावा, थुंकी तपासावी, असं त्याला एकदाही सुचलं नाही. सुचलं असेल तर बोलला नाही, कारण गिऱ्हाईक हातचं गेलं असतं.

मधे आशाताई वही घेऊन आली होती. दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन उतरलंय असं घरात कुणी आहे का, हे ती दारोदार विचारत होती. आता ही आशाताई म्हणजे दाजींच्या चुलतभावाची सून. डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून ती ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. दाजी म्हणाले, कुणी न्हाई, कापूस हाय घरात म्हणून खोकतेत सगळे. आत आक्का खोकत होती. पोरीला ते ऐकू गेलंच असणार. पण चुलतसासऱ्याच्या शब्दावर बोलायची आमच्याकडं सुनेची टाप नाही. तिनं वहीत ‘निरंक’ लिहिलं आणि पुढच्या घराकडं गेली. लोक मोकळेपणी बोलावेत म्हणून सरकारनं गावातलीच बाई नेमायचं ठरवलं. गावातली बाई म्हणजे कुणाची तरी सून असते, हे त्या ठरवणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

संक्रांतीला मी वाण घेऊन गेलो तेव्हा आक्काच्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरत होत्या. मी दाजींशी भांडून तिला दुसऱ्याच दिवशी शहरात आणलं. तपासणीत टीबी निघाला.

सरकारी दवाखान्यात औषधं देणाऱ्या खिडकीवर एक तरुण बाई होती. फार नीट बोलायची. तिनं आक्काला समोर बसवून सांगितलं की घाबरू नका, सहा महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या की माणूस ठणठणीत बरा होतो. मग म्हणाली की तुमच्या गावच्या आशाताईंना कळवते, त्या घरी येऊन गोळ्या देतील, घरातल्या सगळ्यांची तपासणी होईल आणि ज्यांना लागतील त्यांना खबरदारीच्या गोळ्या सुरू होतील. इतकी सोय, तीही फुकट. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर सायकलस्टँडपाशी नेलं.

“बापू, आशा आमच्या घरातली. आज तिला कळलं तं उद्या भावकीला कळतंय, परवा वडीगोद्रीला. सोयरीक बिलकुल राहत न्हाई. तू कायतरी कर.”

मी कायतरी केलं. आत जाऊन सांगितलं की बहीण उपचारासाठी माझ्याकडंच राहणार आहे, पत्ता माझा लिहा, फोन नंबर माझा लिहा. बाईंनी लिहिला. आक्का बाकावर बसून आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती. दाजींनी बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला आठवतंय, आम्ही तिघांनी स्टँडवर उसाचा रस घेतला आणि मी तो हौसेनं प्यालो.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भडकली. तिचं म्हणणं सरळ होतं. आजारी माणूस एकीकडं आणि औषध दुसरीकडं, हे कसलं शहाणपण? असेल तर तिला इथं आणून ठेवा, मी करते तिचं. मी म्हटलं, लग्नघरातली बाई सहा महिने भावाकडं येऊन राहिली तर गाव विचारणार नाही का? बायको म्हणाली, विचारू दे. बायकांना व्यवहार कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

तर गोळ्या जालन्यात, आक्का गावात. मी गोळ्या घ्यायचो, पाकिटावरचं नाव कुणी वाचू नये म्हणून त्या काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डब्यात भरायचो, डबा फरसाणाच्या पुड्याखाली पिशवीत ठेवायचो आणि पिशवी ओळखीच्या कंडक्टरकडं द्यायचो. दाजी परतूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायचे. बेत इतका चोख होता की मला त्याचा अभिमान वाटायचा. महिनाभरात आक्काचा ताप गेला. दोन महिन्यांत खोकला बसला, अंगावर थोडं मांसही आलं. कापूसही तेवढ्यात विकला गेला. गावात सगळे म्हणाले, बघा, कापूस गेला आणि खोकला गेला.

दर आठवड्याला मला खिडकीवरच्या बाईंचा फोन यायचा. पेशंटनं गोळ्या घेतल्या का? सुरुवातीला मी आधी आक्काला विचारायचो, मग ‘घेतल्या’ म्हणायचो. नंतर आक्काला विचारायचं राहून जायला लागलं. ‘घेतल्या’ म्हणायचं मात्र कधी राहिलं नाही.

एकदा त्या बाई घरीच आल्या. पेशंट कुठंय? बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. मी म्हणालो, भाजी आणायला गेलीय. मग त्यांनी घरातल्या माणसांची यादी केली. मी, माझी बायको, आमचा मुलगा. आम्हा तिघांची तपासणी झाली, आणि ज्यांनी आक्काच्या श्वासाला श्वास लावून एक दिवसही काढला नव्हता त्या आम्हाला खबरदारीच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या पोरीनं आख्खा हिवाळा त्या बंद खोलीत आईच्या कुशीला काढला होता, तिचं नाव त्या यादीत यायचं कारणच नव्हतं. बायकोनं गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ह्या आता कुणी खायच्या? पिशवी बरेच दिवस तिथंच होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गोळ्याच यायच्या बंद झाल्या. खिडकीवरच्या बाई ओशाळवाण्या होऊन सांगायच्या की वरूनच आल्या नाहीत. आधी महिन्याच्या मिळायच्या, मग आठवड्याच्या, मग चार दिवसांच्या, मग ‘सोमवारी बघा’. मी तीन सोमवार बघितलं. बाहेरच्या दुकानांतही त्या मिळेनात. ज्या गोळीबद्दल एक दिवस चुकवू नका म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तीच गोळी त्या भिंतीखालच्या खिडकीत नव्हती. मला संताप यायचा. पण खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटायचं. पिशवी भरणं, कंडक्टर गाठणं, दाजींना फोन करणं यातून सुटका होत होती, आणि दोष माझा नव्हता.

गोळ्या पुन्हा आल्या तेव्हा लग्न बारा दिवसांवर आलं होतं. मी लगेच पाठवल्या. आक्कानं त्या घेतल्या नाहीत. हे मला नंतर कळलं. गोळी घेतली की तिला मळमळायचं, उलटी व्हायची, आणि लघवी लाल व्हायची. घर पाहुण्यांनी भरलेलं, संडास एक, बायकांची नजर चौफेर. लग्नघरात नवरीची आई सकाळी उठून ओकायला लागली तर काय सांगायचं? तसंही तिला बरंच वाटत होतं. दाजींनी म्हटलं, लग्न उरकू दे, मंग घे बराबर. तिनं डबा धान्याच्या कोठीमागं ठेवून दिला. लग्नानंतर वऱ्हाड गेलं, मांडव उतरला, पेरणीचे दिवस आले, आणि ते ‘मंग’ काही आलं नाही.

लग्नात आक्का फार देखणी दिसत होती. हिरवं लुगडं, अंगावर दागिने, आवाज खणखणीत. मी तिला न खोकता दोन तास बोलताना ऐकलं आणि बायकोला कोपरानं ढोसलं. तिनं माझा हात बाजूला केला. त्याच दिवशी मला खिडकीवरून फोन आला, आणि मांडवाच्या गोंगाटात एका कानावर हात ठेवून मी ‘घेतल्या’ म्हणालो. सहा महिने भरेपर्यंत मी पिशव्या पाठवत राहिलो आणि ‘घेतल्या’ म्हणत राहिलो.

त्या पावसाळ्यात दाजींचं गाव क्षयमुक्त ठरलं. यादीत एकही रुग्ण नव्हता, त्यामुळं अडायचं काही कारण नव्हतं. दाजींनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पाठवला. सरपंच, सदस्य, हातात प्रमाणपत्र, आणि एका कडेला डोक्यावर पदर घेतलेली आशाताई. फोटो ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर काढलेला होता आणि मागं, गल्लीच्या तोंडाशी, आक्काच्या घराचं दार दिसत होतं. मी त्या फोटोला अंगठा दाखवला. सगळ्यांनीच दाखवला होता.

पोळ्याच्या सुमारास आक्काच्या थुंकीतून रक्त पडलं. ह्या वेळी दाजींनी स्वतःच गाडी केली. डॉक्टरांनी संगणकात नाव काढलं आणि म्हणाले की ह्यांचा उपचार तर पूर्ण झालाय, सहा महिने, नियमित. मग तपासण्या झाल्या. चार दिवसांनी त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं की नेहमीच्या गोळ्यांना आता हे जंतू दाद देत नाहीत. इतक्या नियमित पेशंटचं असं कसं झालं, हे त्यांना कळत नव्हतं. ते पुन्हापुन्हा संगणकाकडं बघत होते. वीस वर्षं रकाने भरणारा माणूस खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखानं खरवडत बसला होता.

आक्काच बोलली. “साहेब, मी सोडल्त्या गोळ्या. लेकीचं लग्न व्हतं. भावाला ठावं नव्हतं.”

मला तिनं तेवढ्यातही वाचवलं. डॉक्टर रागावले, ते तिच्यावर. अशिक्षितपणा, बेफिकिरी, फुकट मिळतं म्हणून किंमत नाही, असं बरंच बोलले. ते सगळं माझं होतं. मी हात वर करून ते मागून घ्यायला पाहिजे होतं. मी घेतलं नाही. त्या दिवसानंतर माझ्यात आणि आरशात काही फारसं बोलणं राहिलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवायची माझ्यात हिंमत नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं, नव्या गोळ्या सुरू झाल्या. त्या उशिरा आल्या होत्या की आक्काच उशिरा गेली होती, हे मला डॉक्टरी भाषेत सांगता येणार नाही. थंडी पडायला लागली त्या आठवड्यात, दिवसाढवळ्या, सकाळी अकराच्या सुमारास ती गेली. बायको तिच्याजवळ होती. मी खाली केसपेपरच्या रांगेत होतो.

तेराव्याला वडीगोद्रीची मंडळी आली. भाचीची सासू म्हणजे ठसठशीत बाई, शेतात राबलेली, बोलायला सरळ. आक्का कशानं गेली याबद्दल दाजींनी गावात ‘फुप्फुसात पाणी झालं’ असं सांगून ठेवलं होतं. पंगती उठल्यावर ती बाई ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “मामा, इहीणबाईला नेमकं काय झाल्तं? पाणी एवढं लवकर होत न्हाई.”

दाजी समोरच होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, टीबी. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पोरीला आजच इथं ठेवून जाणार. दाजींनी डोळे मिटून घेतले होते. भाची दारात उभी होती.

त्या बाईनं दारातल्या भाचीकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, “आमच्या थोरल्या जावेला झाल्ता. आमच्या गावची आशा रोज सकाळी दारात यायची, समोर गोळी खाऊ घालायची. गाव बोललं चार दिवस. मंग त्याला दुसरं कायतरी घावलं बोलायला. जाऊ आता खुरपून राह्यली बघा, माझ्या पुढं असते पातीला.”

मी विचारलं, तुम्हाला आधी कळलं असतं तर सोयरीक मोडली असती का? तिनं खरंच विचार केला. म्हणाली की मालकांनी कुरकुर केली असती, खोटं कशाला बोलू. पण मोडली नसती. आधी इहीणबाईला बरं करा, लग्न दिवाळीनंतर करू, एवढंच म्हटलं असतं. मग तिनं मान वळवून दाजींना विचारलं की पोरीला तपासलं का. दाजींनी मान खाली घातली. ती बाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली की मग उद्याच जाऊ.

दुसऱ्या दिवशी सासूच तिला घेऊन गेली, आम्ही दोघं नुसते सोबत. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. भाचीच्या छातीच्या फोटोत छोटा डाग निघाला होता, आणि जंतू आईचेच, त्याच हट्टी जातीचे. लवकर सापडलंय म्हणून बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या आईच्या गोळ्यांपेक्षा जड होत्या आणि कितीतरी महिने घ्यायच्या होत्या. सासूनं पिशवी हातात घेतली आणि किती वाजता, जेवणाआधी की नंतर, सगळं दोनदा विचारून घेतलं.

बसची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. दाजी तिकिटाचं बघायला गेले होते. भाची तेराव्यापासून माझ्याशी बोलली नव्हती. आता ती समोर बघतच म्हणाली,

“मामा, माझ्या लग्नासाठी सगळं झालं म्हंत्यात. मंग मला काहून इच्यारलं न्हाई?”

मी म्हणालो, तू लहान होतीस. ते माझ्या तोंडून निघालं आणि मलाच ऐकवेना. जी लग्न करण्याइतकी मोठी झाली म्हणून आम्ही एवढा आटापिटा केला, तिला विचारायला मात्र ती लहान होती.

“मी थांबले असते,” ती म्हणाली. “आईसाठी मी कितीबी थांबले असते.”

बस लागली. सासूनं तिच्या हाताला धरून तिला चढवलं आणि खिडकीजवळची जागा दिली, मोकळी हवा लागावी म्हणून.